उष्टावणाच्या आधी

माझ्या लाडक्या भाचीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, अजून पाळीच आलेली नाही, लेक अंगावर पितेय, मग आत्तापासून कशाला काळजी करायची?" तिकडे बाळ रडत होतं, तुझी आई शेजारी बसलेली होती आणि मला ते उत्तर दोन वाक्यांत उरकायचं नव्हतं. म्हणून सवडीने लिहितेय.

"अंगावर पितं तोवर दिवस जात नाहीत," असं तुझी आई म्हणते. आमच्या आईचंही हेच म्हणणं असायचं. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे आणि उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही. ग्रामीण रुग्णालयात नोकरी केली त्या सगळ्या वर्षांत मी एक बाई पुन्हा पुन्हा पाहिली. चेहरा वेगळा, गाव वेगळं, गोष्ट तीच. कडेवर आठ-नऊ महिन्यांचं मूल, दोन दिवस मळमळतंय म्हणून आलेली. तपासावं तर तिसरा-चौथा महिना. "पण सिस्टर, मला पाळी आलीच नव्हती हो!" ती खरंच बोलत असायची. बाळंतपणानंतर बऱ्याचदा आधी स्त्रीबीज सुटतं आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी पाळी येते. त्या पहिल्याच बीजाला गर्भ राहिला तर पाळी दिसणारच नाही. म्हणून पाळीची वाट पाहत बसणं धोक्याचं.

आता त्यातलं खरं काय ते सांगते. बाळ स्तन तोंडात धरून ओढतं, तेव्हा ती जाणीव मेंदूपर्यंत जाते. मेंदू दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन वाढवतो आणि त्याच वेळी बीजकोषाला कामाला लावणारे संदेश मंद करतो. बीज पिकत नाही, म्हणून पाळी येत नाही. हे सगळं ओढण्यावर चालतं. वरचेवर ओढणं, त्यातही रात्रीचं, फार महत्त्वाचं. पंपाने दूध काढून वाटी-चमच्याने पाजलंस तर लेकीचं पोट भरेल, पण मेंदूकडे ती जाणीव तेवढी जाणार नाही.

1988 साली इटलीतल्या बेलाजिओ गावी या विषयातले शास्त्रज्ञ जमले होते. वेगवेगळ्या देशांतल्या अंगावर पाजणाऱ्या बायकांची माहिती समोर ठेवून त्यांनी सांगितलं की तीन अटी एकत्र पाळल्या गेल्या तर पहिल्या सहा महिन्यांत दिवस जाण्याची शक्यता शंभरात दोनाहून कमी राहते. पाळी परत आलेली नसावी. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं. आणि बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नसावं, दिवसा दोन पाजण्यांत चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून जास्त अंतर पडू नये. तिन्हींतली एक जरी मोडली तरी त्या दिवसापासून दुसरं साधन हवं. (बाळंतपणानंतर पहिल्या आठ आठवड्यांत अंगावरून जातं ते पाळी म्हणून धरत नाहीत, त्यामुळे मागच्या आठवड्यात दिसलेल्या डागांनी घाबरू नकोस.)

आपल्या घरांत पहिल्यांदा मोडते ती तिसरी अट, आणि मोडली हे कुणाला कळतही नाही. सहाणेवर बाळगुटी उगाळली जाते. उन्हाळा आहे म्हणून उकळून गार केलेलं पाणी चमच्याने दिलं जातं. पोट दुखतंय म्हणून ग्राइप वॉटर, जिभेला मध. हे मोजताना कुणी 'वरचं' म्हणून मोजत नाही, पण प्रत्येक चमच्यामागे बाळाची तेवढी भूक आणि तहान कमी होते, ओढणं कमी होतं. आईचं दूध म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पाणीच. नाशिकच्या उन्हाळ्यातही त्या पोरीला वेगळं पाणी लागत नाही. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. आईशी भांडू नकोस, ती मायेनेच करते. माझं नाव सांग.

आता उष्टावणाचं. आपल्याकडे मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायची पद्धत आणि तुझ्या सासूबाई पाचव्यात करू म्हणताहेत, असं तू सांगितलंस. त्यांना नम्रपणे सांग की सहा महिने पूर्ण होऊन सातवा लागला की करू. सातवाही विषमच आहे, त्यांची रीतही राहील आणि लेकीचं दूधही राहील. पण तू मनाशी एक गोष्ट पक्की लिहून ठेव: ज्या दिवशी चांदीच्या वाटीतून तिला खीर भरवतील, त्या दिवशी तुझ्या दुधाची राखण संपेल. फोटो, पाहुणे, जेवणावळ या सगळ्यात हे कुणाच्याही डोक्यात नसेल. त्याच सुमाराला तुझी सव्वीस आठवड्यांची रजा संपेल, बँकेत परत जाशील, दुपारची दोन-तीन पाजणी सुटतील. खरं तर तुझी रजा बाळंतपणाच्या आधीच सुरू झाली होती, म्हणजे बँक उष्टावणाच्याही आधी येणार. तेव्हा माझं सगळं म्हणणं एवढंच: दूध राखतंय तोवर निवड करून ठेव. राखण संपल्यावर शोधायला निघू नकोस.

तुला घाई कशाची, असं वाटेल. पण तुझं सिझेरियन झालंय. गर्भाशयावरचा टाका भरून यायला वेळ लागतो आणि लवकर दिवस गेले तर पुढच्या बाळंतपणात त्या जागी धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, एक बाळंतपण झाल्यावर पुन्हा दिवस जाईपर्यंत निदान चोवीस महिने जाऊ द्यावेत. आपलं सरकार दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर सांगतं. पाळणा लांबवा, असं आमच्या वेळी भिंतीभिंतीवर लिहिलेलं असायचं. वाचून लोक पुढे जायचे. त्यातला हिशेब बाईच्या रक्ताचा आणि हाडांचा आहे. गरोदरपणात तुझं हिमोग्लोबिन किती खाली गेलं होतं, शिरेतून लोह द्यावं लागलं होतं, हे मी विसरलेले नाही. ते भरून निघायला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर पुरत नाही, वेळ लागतो.

आता साधनं. यात सगळ्यात आधी एक ताकीद, कारण तुझ्या कपाटात ती जुनी पाकिटं असणार. लग्नानंतर तू ज्या रोजच्या गोळ्या घ्यायचीस त्या आत्ता घ्यायच्या नाहीत. माला-एन असो, माला-डी असो की दुकानातली महागाची, पाकिटावर 'एथिनिल इस्ट्राडिओल' लिहिलेलं असेल तर अंगावर पाजणाऱ्या आईने बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती बाजूला ठेवावी. इस्ट्रोजेनने दूध कमी होऊ शकतं, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो तो या गोळ्यांनी वाढतो. औषधाच्या दुकानात नुसतं 'गर्भनिरोधक गोळी द्या' म्हटलं तर बहुतेक वेळा हीच हातात येते. 'बाळ अंगावर पितंय' हे आधी सांगायचं.

पाजणाऱ्या आईसाठी रोजची वेगळी गोळी असते, एकट्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीची. डेसोजेस्ट्रेल हे त्यातलं आपल्याकडे मिळणारं नाव. दूध कमी होत नाही. पण रोज, ठरल्या वेळी, एकही दिवस न सोडता घ्यायची. सध्या तुला जेवलीस की नाही हेही आठवत नाही, म्हणून तुझ्यासाठी मी ती पहिल्या नंबराला ठेवणार नाही.

छाया मात्र नीट समजून घे. ही आपल्या देशात घडलेली गोळी आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत डॉ. नित्य आनंद यांच्या पुढाकाराने ते औषध तयार झालं. सेंटक्रोमन त्याचं नाव. 1991 च्या सुमाराला 'सहेली' म्हणून ते बाजारात आलं आणि 2016 पासून 'छाया' या नावाने सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागलं. त्यात हार्मोन नाही, त्यामुळे दुधावर परिणाम नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, समजा रविवारी आणि बुधवारी, आणि पुढे आठवड्यातून एकदा, रविवारीच. वार चुकवायचा नाही, फोनमध्ये गजर लावायचा. पाळी उशिरा येते, कमी जाते. तुझ्यासारख्या रक्त कमी असलेल्या मुलीला हे बरंच म्हणायचं. पण पाळी लांबली की मनात पाल चुकचुकते, आणि पाजणाऱ्या बाईची पाळी तर आधीच अनिश्चित. शंका आली तर लघवीची तपासणी करून मोकळं व्हायचं, महिनोन्‌महिने धाकधूक सोसायची नाही. बीजकोषात गाठी असतील, नुकतीच कावीळ होऊन गेली असेल किंवा यकृताचा आजार असेल त्यांना ही चालत नाही. तुला यातलं काही नाही, तरी डॉक्टरांना सांगून घे.

तांबीबद्दल तुझ्या मनात भीती आहे, हे मला फोनवरच कळलं. ऑपरेशन टेबलवर कुणीतरी घाईत विचारलं, "तांबी बसवायची का?" आणि तू "घरी विचारून सांगते" म्हणालीस. तुझं काही चुकलं नाही. असा प्रश्न गरोदरपणाच्या तपासणीत, दोघांना समोर बसवून विचारायचा असतो. वेदना आणि भूल यांच्या मध्ये मिळवलेली संमती मला कधीच पटली नाही. वार पडल्यापासून दहा मिनिटांत किंवा पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत तांबी बसवण्याची सोय असते. ती वेळ गेली की सहा आठवड्यांनंतर. तुझे ते आठवडे उलटलेत, म्हणजे दार पुन्हा उघडलंय.

तांबी पोटातून वर चढते, छातीत जाते, हे मी खेडोपाडी इतकं ऐकलंय की त्याचं उत्तर पाठ झालंय: गर्भाशयाची पिशवी वर बंद असते, तिथून छातीकडे जायला रस्ता नाही. खरे धोके वेगळे आहेत आणि ते तुला माहीत हवेत. कधी कधी ती आपोआप बाहेर पडते, विशेषतः बाळंतपणानंतर लगेच बसवलेली असेल तर. बसवताना पिशवीच्या भिंतीला छेद जाण्याची शक्यता हजारात एखाद-दुसरीला असते, आणि पाजणाऱ्या आईत ती जास्त असते. म्हणून सरावलेल्या हाताकडूनच बसवून घ्यायची आणि महिन्या-दीड महिन्याने दोरा तपासून यायचा. पहिले काही महिने पाळीत जास्त जातं, पोटात दुखतं. तुझ्या बाबतीत मला अडतं ते इथेच. आधी हिमोग्लोबिन बघायला हवं. ते बरं असेल तर तांबीसारखं दुसरं साधन नाही, असं माझं मत आहे. एकदा बसवली की 380 ए जातीची दहा वर्षं, 375 जातीची पाच वर्षं काम करते. काढली की लगेच दिवस जाऊ शकतात. दुधात काही उतरत नाही. रात्री उठून काही आठवावं लागत नाही. खासगीत हार्मोनची तांबीही मिळते. तिने पाळी कमी जाते, पण खर्च बराच आहे.

अंतराचं इंजेक्शन तुझ्या वहिनीने घेतलं होतं, म्हणून तू विचारलंस. दर तीन महिन्यांनी एक सुई, 2017 पासून सरकारी दवाखान्यात फुकट. पाजणाऱ्या आईला बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर देतात, त्याआधी नाही. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. पहिले काही महिने कधीही डाग दिसतात, पुढे बऱ्याच जणींची पाळी थांबते. मग घरात सुरू होतं, "रक्त आत साठतंय, गाठी होतील." काही साठत नाही. या औषधाने पिशवीचं अस्तर पातळच राहतं, बाहेर पडण्यासारखं आत काही तयारच होत नाही. हे तुझ्या वहिनीला कुणी आधी सांगितलं असतं तर तिने दुसऱ्याच सुईनंतर सोडलं नसतं. पण एक लक्षात ठेव, इंजेक्शन थांबवल्यावर दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात. तीन वर्षांनी दुसरं बाळ हवं असेल तर उलटा हिशेब करून थांबवावं लागतं.

निरोधला कमी समजू नकोस. दुधावर परिणाम नाही, आजारांपासून संरक्षण देणारं एवढं एकच साधन, आणि जबाबदारी एकदाची नवऱ्याकडे जाते. दर वेळी, सुरुवातीपासून वापरायचं. फाटलं किंवा विसरलं तर बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, तातडीची गोळी घ्यायची. पाजणाऱ्या आईला तीही चालते. पण तो नेहमीचा उपाय नाही. आणि तारखा मोजण्याचा तर प्रश्नच येत नाही. पाळीच नाही, तर मोजणार कुठून?

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण लिहिते. सव्वा महिना झाला की घरात सगळे गृहीत धरतात की आता तू पूर्ववत झालीस. पाजणाऱ्या आईच्या अंगात इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे आतली जागा कोरडी पडते, दुखतं, इच्छाही होत नाही. त्यात टाका, त्यात जागरण. यात तुझ्यात काही कमी झालेलं नाही आणि दूध कमी झालं की हे सुधारतं. तोवर पाण्यात विरघळणारं वंगण औषधाच्या दुकानात मिळतं, ते वापरावं. आणि नको असेल त्या रात्री नको म्हणायचं. साधन बसवलंय म्हणजे तू कायम तयार आहेस, असा त्याचा अर्थ कुणीही काढू नये.

हे सगळं बोलायला लाज वाटते, असं तू म्हणालीस. अगं, आपल्या मराठीत हे बोलणं शंभर वर्षं जुनं आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. 1927 पासून शेवटपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत राहिले, खटले अंगावर घेतले, आणि 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. पत्नी मालतीबाई या सगळ्यात त्यांच्या बरोबर होत्या. मूल कधी हवं हे बाईला ठरवता आलं पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी त्या माणसाने आयुष्य खर्ची घातलं. त्यांच्या भाषेत वाढलेली मुलगी दवाखान्यात हळू आवाजात बोलली की मला वाईट वाटतं.

म्हणून जावईबापूंनाही हे पत्र वाचायला दे, सगळं. सहा आठवड्यांची तपासणी माहेरी राहिल्यामुळे लांबलीय, ती आता टाळू नका, आणि त्यांनी बाहेर गाडीत थांबायचं नाही, आत यायचं. सासूबाई विचारतील तर आदराने सांगा की डॉक्टरांशी बोलून आम्ही दोघांनी ठरवलंय. पुढे कधी तुमचं कुटुंब पुरं झालं असं वाटलं, तर पुरुषांची बिनटाका नसबंदी बायकांच्या ऑपरेशनपेक्षा किती सोपी आहे तेही मी त्यांना समोर बसवून सांगेन. आत्ता त्याची वेळ नाही.

तपासणीला जाशील तेव्हा गरोदरपणाची फाईल घेऊन जा. अर्धशिशी आहे का, रक्तदाब वाढला होता का, कावीळ कधी झाली होती, हे तिथे विचारलं नाही तरी आपण होऊन सांग. बाळाला वरचं काही सुरू केलंय का, याचं उत्तर गुटीसकट दे. "दुधावर काय परिणाम होईल, बंद केल्यावर दिवस कधी जातील, त्रास झाला तर कुणाकडे यायचं," हे तीन प्रश्न प्रत्येक साधनाबद्दल विचार. कुणी घाई केली तर "विचार करून पुढच्या वेळी सांगते" म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि तोवर निरोध घेऊन ये. एकदा घेतलेलं साधन मानवलं नाही तर बदलायचाही हक्क आहे.

त्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घे. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला पाठव, मग तांबी की छाया ते बोलू.

तुझी,
मावशी